अंगठा उमटत नाही म्हणून रेशन नाही?

महिना लागला की तेच! तासगाव-मिरजेकडं रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटत नाही. उमटणार कसा? द्राक्षाची विरळणी, उसाचं पाचट, हळद काढणी यात बोटांच्या रेषाच झिजल्यात. त्यात मशीनची काच तेलकट, रेंज गायब. तीनदा लावून बघायचं आणि "उद्या या". बुडालेला रोज कोण देणार?

अहो, आधी काच मऊ कोरड्या फडक्यानं पुसा. कोरडं पडलेलं बोट किंचित ओलसर करा, सपाट टेकवा, घासू नका. मग दुसरी बोटं. नाहीच जमलं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य हक्काचं आहे. कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, एवढं पाटीवर लिहायला काय अडतं?