नशिबावर सोडा, पण शफलवर नको
पाश्चात्य शास्त्रीय संगीत निवडत बसू नका, सरळ शफल लावा, म्हणजे ॲप कुठलाही ट्रॅक कुठल्याही क्रमाने वाजवेल, असं एका लेखात म्हटलंय. नशिबावर सोडायचं हे एकदम पटलं, पण शफल नाही. सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना, शफल तिचे तुकडे करतं हो! संगीतकार बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता थेट चौथ्यात शिरतो, नेमका तिथेच भलताच पियानो सुरू झाला तर काय उरलं?

मी चिठ्ठी काढते. हायडन या संगीतकाराच्या सिंफनींना १ ते १०४ नंबर आहेत, जो येईल ती सिंफनी पूर्ण ऐकायची, मध्ये बदलायची नाही. एकदा ४५ आला, शेवटी एकेक वादक थांबत जातो आणि फक्त दोन व्हायोलिन उरतात, मला आधी काहीच माहीत नव्हतं, नुसती बसून राहिले. स्वतः निवडलं असतं तर परत ओळखीची ९४ नंबरचीच लावली असती.