गावचे दगड गावानंच मोजावेत

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद पेटला. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथली काही पोरं रविवारी जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, साफ करतात, शिवारात पडलेल्या वीरगळांची, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, मापं घेतात, फोटो काढतात, वहीत लिहून ठेवतात. नोंदणी नाही, वर्गणी नाही, फावडी-घमेली ज्याची त्यानं घरून आणायची. त्यावर माझ्याच वर्गातल्या एकानं लिहिलं, "सोयाबीनला भाव नाही, विमा आला नाही आणि ह्यांना दगडं धुवायचं सुचतंय. दगडानं पोट भरतं का?" खाली अंगठ्यांची रांग. मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहतो. तिथून पोरांची बाजू घेतली तर म्हणतो, "लेस्टरमध्ये बसून बोलायला तुझं काय जातंय?"

ते डोक्यातून जाईना, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सोयाबीनचं दुःख खरं आहे. पण बारव म्हणजे नुसते दगड, हे कुणी सांगितलं? ज्या गावाला मार्च लागला की टँकरची वाट बघावी लागते, त्या गावानं आपल्याच बारवेचा उकिरडा केला होता. निर्माल्य, दारूच्या बाटल्या, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या. परभणी जिल्ह्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनीच श्रमदानानं गाळातून मोकळी केली. त्यांनाही कापसा-सोयाबीनचा तोच भाव मिळतो.

मी जिथं राहतो तिथं २०१२ साली काउन्सिलच्या कार पार्कखाली इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा निघाला. खोदलं विद्यापीठाच्या लोकांनी, पण तिथंच खोदा म्हणून पाठ धरली ती फिलिपा लँगली या बाईनं. ती पुरातत्त्वातली नव्हे, लेखिका. पैसे कमी पडले तेव्हा राजाच्या नावानं चालणाऱ्या सोसायटीच्या सभासदांनी देशोदेशीहून पाठवले. आज तिथं संग्रहालय आहे आणि भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिकीट काढून नेतो. "राजानं पोट भरतं का" असं त्या बाईला इथंही कुणी विचारलं असेलच. तिनं काम थांबवलं नाही, एवढं मला दिसतं.

इथं लेस्टरशेजारच्या एका गावात बँक हॉलिडेला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, लोक जुन्या वस्तू शोधायला आपापल्या परसात खड्डे घेतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. दहा सेंटिमीटर माती काढायची, चाळायची, सापडेल ते धुऊन ट्रेमध्ये मांडायचं, पिशवीवर खड्ड्याचा आणि थराचा नंबर टाकायचा, मग पुढचे दहा. मीही गुडघे टेकून चाळणी हलवली आहे. बहुतेक वेळा मातीच्या चिलमीच्या नळ्यांचे पांढरे तुकडे मिळतात, तीनशे वर्षांपूर्वीचे असले तरी लोक हरखतात. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या तेर गावच्या शिवारात दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं नांगराच्या तासाबरोबर वर येतात, ती पायाखाली तुडवत आपण पुढं जातो! तेर म्हणजे जुनं तगर शहर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितलंय, तिथलं कापड गाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई. इटलीत ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेईच्या राखेत जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी नातं सांगणारी बाहुली तेरला मिळाली. आज तेरला सरकारी संग्रहालय आहे ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं, कारण त्या गावच्या माणसानं आयुष्यभर शिवारातल्या वस्तू जमवल्या. सरकार त्यांच्या मागून आलं. अजिंठा-वेरूळपुढं पुरातत्त्व खात्याला आमच्या बारवा कधी दिसणार?

पोरांनी खोदू नये, हे मला मान्य आहे. विनापरवाना उत्खनन गुन्हा आहे, आणि असावा. पण सापडलेल्या वस्तूचं काय? आपल्याकडं अजून इंग्रजांनी १८७८ साली केलेला निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा चालतो. दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवा. इंग्रजांनी स्वतःचा कायदा १९९६ साली बदलला आणि पुढच्या वर्षापासून कुणालाही सापडलेली वस्तू नेऊन दाखवता येईल, तिची नोंद होईल, अशी सोय लावली. इथं शेतकरी नाणं घेऊन नोंद करणाऱ्या ऑफिसरकडं निवांत जातो. आमच्याकडं पोलीस-तहसीलचं झंझट नको म्हणून नाणं मुकाट सोनाराकडं जातं.

टोला मारणाऱ्या मित्राच्या विहिरीवर एक वीरगळ आडवा पडलाय. त्याची आई त्यावर धुणं आपटायची, आम्ही पोरं त्यावर बसून हुरडा खायचो. पोरांनी परवा त्याचा फोटो पाठवला. खालच्या चौकटीत गायी आणि त्यांच्यासाठी लढणारा माणूस, मधे त्याला हातांनी उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीसमोर हात जोडून बसलेला तोच माणूस, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या लढवय्याचा चेहरा साबणानं झिजून सपाट झालाय. गावची जनावरं सोडवताना मेलेल्या माणसाची ही एकच खूण.

आता माझं काय जातंय ते सांगतो. वाटणीत आमचं शेत गेलं, वाडा पडला, सातबाऱ्यावर वडिलांच्या पिढीबरोबर आमचं नाव संपलं. गावात गेलो की मी पाहुणा, चहा बशीत न देता कपात येतो. इथं पासपोर्ट आहे, घर आहे, मुलीला रिचर्डची सगळी गोष्ट पाठ आहे आणि तेर नकाशात दाखवता येत नाही. मी इथल्या खड्ड्यांत दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या चिलमी वेचतो, मनापासून वेचतो, पण त्या पिशवीवर नंबर टाकताना मला आमच्या बारवेतले देवकोष्ठ, म्हणजे भिंतीतले देवांचे कोनाडे, आठवतात. कुणाच्या नावावर नसलेली, म्हणून माझीही असलेली गावात ती एकच जागा उरली आहे. तिच्यावर बोलायचा हक्क मी लेस्टरमधूनही सोडणार नाही.

ग्रामसभेनं एवढंच करावं. मूर्तींना ऑइलपेंट आणि मंदिराला फरशी बसवण्याआधी पोरांना नोंदी करायला आठ दिवस द्यावेत. वहीची एक प्रत पंचायतीत, एक शाळेत, एक पुरातत्त्व खात्याला. झेरॉक्सचा खर्च मी पाठवतो. आणि विहिरीवरचा वीरगळ धुण्याच्या जागेवरून हलवून मारुतीच्या पाराजवळ उभा करायला चार माणसं आणि एक ट्रॅक्टर लागेल. ट्रॅक्टर त्याच्याकडंच आहे.