जर्मनीची हवा, परभणीचं पाणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमची म्हण. तिचा अर्थ अजून कुणी नीट सांगितलेला नाही, पण अभिमान सगळ्यांना. थंडीपुरती मात्र ती थोडीफार खरी आहे. डिसेंबरात आमच्याकडं लोक भेटले की “चहा झाला का?” असं विचारत नाहीत, “विद्यापीठात किती?” असं विचारतात. कृषी विद्यापीठात पारा एक आकडी झाला की आपणच काहीतरी कमावल्यासारखं वाटतं.

अशाच एका एक आकडी पहाटे मी गरम पाण्याचा नळ सोडला. पाइपात रात्रभर बसलेलं गार पाणी आधी येणार, ते जाऊ द्यायचं, एवढं मला कळतं. एक बादली गेली. दुसरी गेली. तिसरी अर्धी झाल्यावर कोमट आलं. म्हणजे एखादा भिडस्त पाहुणा ज्याला कोमट म्हणेल, तसलं.

गच्चीवर २०० लिटरचा, २० नळ्यांचा सोलर आहे. मराठवाड्यात पाण्याची बोंब असेल, उन्हाची कधीच नव्हती. मग हे ऊन जातंय कुठं?

“बंब काय वाईट व्हता?” आईनं गोधडीतूनच विचारलं. “चार पळाट्या घातल्या की कढत पाणी. कामून काढला?”

तो तांब्याचा बंब आता हॉलमध्ये प्लास्टिकची फुलं डोक्यावर घेऊन उभा आहे. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

संध्याकाळी जर्मनीतल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो खऱ्या जर्मनीत राहतो. त्याच्या खोलीतला रेडिएटरही तापत नव्हता म्हणे. खालून गरम, वरून थंडगार. “मामा, वर हवा अडकते. मग गरम पाणी तिथवर पोचत नाही. बाजूला छोटा व्हॉल्व्ह असतो, तो चावीनं जरासा सैल करायचा. फुस्स करून हवा जाते, पाण्याचे थेंब आले की लगेच बंद. दोन मिनिटांचं काम! तुमच्याही सोलरात हवाच असणार.”

झालं. दुसऱ्या दिवशी मी माकडटोपी घालून, पाना घेऊन गच्चीवर. आमच्या सोलरला हवेसाठी व्हॉल्व्ह नाही, टाकीतून वर गेलेला एक उभा पाइप आहे. त्याचं तोंड उघडंच होतं. कान लावून ऐकलं. फुस्स नाही, काही नाही. शेजारचे आपल्या गच्चीवरून बघत होते. “काय ऐकू येतंय का सर?” एवढंच त्यांनी विचारलं.

मग नळ्या तपासल्या. काचेच्या दोन थरांमधली पोकळी शाबूत असली तर नळीचं बूड आरशासारखं चंदेरी दिसतं. हवा शिरली की ते दुधाळ पांढरं पडतं. मी ओणवा होऊन वीसही बुडं बघितली. सगळी चंदेरी. एकात माझं नाक दिसलं, लाल. धूळ पुसून काढली. मग संशय बोअरवर. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही; टाकीत क्षाराचा थर बसला असणार, हे नक्की. टाकी धुण्याचा खर्चही मी मनात धरून टाकला.

प्लंबर चौथ्या दिवशी आला. ‘दुपारी येतो’ हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कोणत्या दुपारी ते मीच विचारलं नव्हतं. वर गेला, टाकीतून निघणाऱ्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

“हिथं तर चटका बसतोय की! हात लावून बघितला नाही का सर?”

कान लावला होता, नाक लावलं होतं; हात राहिला होता.

खाली येऊन तो सरळ बाथरूममध्ये शिरला. तिथं मिक्सरला मी दिवाळीत नवा हँडशॉवर बसवलाय, दांड्यावर बटन असलेला. गरम-गार दोन्ही कॉक बरोबर मापात फिरवून ठेवायचे आणि फक्त बटनानं चालू-बंद करायचं, ही माझी युक्ती. रोज उठून सेटिंग कोण करणार? घरात सगळ्यांना ताकीद होती, कॉकांना हात लावायचा नाही.

त्यानं गार पाण्याचा कॉक बंद केला. “वहिनी, आता किचनमधला गरम सोडा बरं.”

जरा वेळानं आतून बायकोचा आवाज आला, “अगं बाई, भाजलं की!”

बटन बंद, पण आत दोन्ही कॉक उघडे. त्यामुळं घरात कुठंही गरम नळ सोडला की गार पाणी मिक्सरमधून जवळच्या वाटेनं गरमच्या पाइपात घुसायचं. वरचं कढत पाणी बिचारं गच्चीवरच.

“ह्ये कुणी उघडं ठिवलं?” प्लंबरनं विचारलं. बायको माझ्याकडं बघत होती. आई गोधडी सोडून मुद्दाम दारापर्यंत आली होती. त्यानं दोनशे रुपये घेतले. त्यातले शंभर न हसल्याचे असावेत.

रात्री भाच्याचा फोन. “मामा, निघाली का हवा?”

“निघाली बाबा,” मी म्हटलं. कुणाची, ते त्यानं विचारलं नाही.