खुलासा: ही ‘पानफुटी’ येऊरच्या डोंगरात टाकू नका

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटोसह एक मेसेज फिरतोय: ‘पानांच्या कडेला पिल्लं येणारं हे झाड म्हणजे पानफुटी. मुतखड्यावर पान चावून खा. पाणी लागत नाही, फांद्या येऊरच्या डोंगरात टाका, हिरवळ वाढेल.’ कृपया यातलं काहीच करू नका.

फोटोतलं झाड मादागास्करचं, शोभेचं कलांचो. पानफुटीचं भाऊबंद, पण पानफुटी नव्हे. पानाच्या दात्या-दात्यापाशी मुगाएवढं रोप बसतं, त्याला तिथेच मुळं फुटतात. कुंडीला धक्का लागला की मूठभर खाली सांडतात आणि फरशीच्या फटीतही रुजतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला याच गटातली झाडं बागेतून कुरणात पसरली, ती खाऊन गुरं मेली. आता तिथे ती विकायलाच काय, फुकट द्यायलाही बंदी आहे. हृदयावर परिणाम करणारं विष त्यांत असतं, म्हणून पान चावायचा सल्ला तर फारच घातक.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे घाणेरीच्या माजलेल्या झुडपांचाच ताप पुरे आहे! कुंडीत हे झाड खुशाल ठेवा. फक्त छाटलेल्या फांद्या आणि गळलेली पिल्लं बंद पिशवीत भरून कचऱ्यात द्या, सोसायटीच्या खतखड्ड्यात नको.