फोर बाय फोर आहे म्हणून फरशीवर गाडी घालू नका

कराडच्या माझ्या भाच्यानं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, बुक केली. मला आनंदच झाला. वडिलांची जुनी जीप मी अजून वापरतो, त्यामुळे या गाड्यांचं वेड काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पण परवा त्यानं एक मेसेज पुढं ढकलला आणि खाली लिहिलं, "मामा, आता पावसाळ्यात आजीकडं यायला फरशीची चिंता मिटली." फरशी म्हणजे आमच्या ओढ्यावरचा बुटका पूल, पावसात त्याच्यावरून पाणी जातं. मेसेज वाचल्यापासून डोक्याला घोर लागलाय.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. थोडक्यात म्हणणं असं: फोर बाय फोर तीन फूट पाण्यातून आरामात निघते. घाटात फोर व्हील टाकली की ब्रेक दुप्पट लागतो. साताऱ्याजवळच्या कास, चाळकेवाडीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) गाडी हवी तिथं नेता येते. मोठे टायर, बुलबार बिनधास्त बसवा, कुणी विचारत नाही. आणि खर्च साध्या गाडीएवढाच.

आधी पाण्याचं घेतो, कारण बाकीच्या थापांनी बहुतेक पैसे जातील, या थापेनं माणूस जाईल.

तीन फूट कुठून आणले? महिंद्राच्या थारसाठी कंपनीनंच दिलेला आकडा 650 मिलिमीटर आहे, म्हणजे दोन फुटांच्या जेमतेम वर. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीला हवा ओढायला वर स्नॉर्केल असतं, तरी तिचा आकडा 700. आणि हे आकडे साचलेल्या पाण्यातून, खालची जमीन घट्ट असताना, सावकाश जाण्याचे. ओढ्याला लोंढा आलेला असताना नव्हे.

वाहत्या पाण्याचं वेगळं आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा लोकांना सरळ सांगते: वेगानं वाहणारं 12 इंच पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं आणि 2 फूट पाणी एसयूव्ही आणि ट्रकसुद्धा नेऊ शकतं. 2 फूट म्हणजे 610 मिलिमीटर. ज्या 650 च्या भरवशावर भाचा फरशी ओलांडणार आहे, त्याच्या आतच गाडी वाहून जाण्याची खोली येते.

परदेशातल्या आकड्यावर विश्वास नसेल तर घरी हिशेब करा. गाडी चार मीटरला थोडी कमी लांब, 1.8 मीटर रुंद. तळ साधारण 7 चौरस मीटर धरा. पाणी तळाला लागलं की पुढच्या दर 10 सेंटीमीटरला जवळपास 700 किलोची उचल बसते. गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. आत पाणी भरायच्या आधीच तिचं बरंचसं वजन पाण्यानं उचललेलं असतं, आणि बाजूनं लोंढा ढकलत असतो. चाक जमिनीला नीट टेकतच नसेल तर चारही चाकांना ताकद देऊन काय करायचं?

आणि खाली जमीन आहे हे तरी कुणी सांगितलं? आमच्या ओढ्यावरची फरशी म्हणजे नळ्यांवर टाकलेला काँक्रीटचा पट्टा, कठडा नाही. एका वर्षी दोन दिवसांच्या पावसानंतर तिच्यावरून वीतभर तांबडं पाणी चाललं होतं. अगदी सपाट, शांत दिसत होतं. मी अलीकडेच थांबलो. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर पाहिलं, तर खालच्या अंगाचा हातभर रुंद तुकडा गायब. आतला मुरूम धुऊन गेला होता आणि उरलेला काँक्रीटचा पापुद्रा हवेत लोंबत होता. माझं डावं चाक बरोबर तिथून गेलं असतं. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची पातळी मोजतात, 45 फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हाही ते किती चढलंय हे लोकांना कळत होतं. गावच्या ओढ्याला अशी एकही खूण नसते.

इंजिनाचंही ऐका. हवेच्या वाटेनं पाणी आत गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीला वर सेल्फ मारला तर उरलंसुरलं इंजिनही जातं. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. मी एकदा गुडघ्याएवढ्या साचलेल्या पाण्यातून जीप काढली, काही झालं नाही म्हणून निवांत होतो. महिन्यानं डिफचा, म्हणजे आसावरच्या गिअरपेटीचा, नट सोडला तर आतून दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. तापलेला डिफ गार पाण्यात गेला की श्वास घेतल्यासारखं पाणी आत ओढतो.

ब्रेकचं म्हणणं साफ खोटं आहे. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, फोर व्हीलच्या लिव्हरनं त्यात काही वाढत नाही. उलट अशा गाड्यांत फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. कोरड्या डांबरावर साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या वळणाला पुढच्या चाकांना जास्त अंतर तोडायचं असतं, ते त्यांना मिळत नाही. स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला कुरकुरते. त्यात गाडी उंच, म्हणून उलटायचा धोका छोट्या कारपेक्षा जास्त. यात खरं असेल तर एवढंच की चिखलाच्या उतारावर फोर-एलमध्ये (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ) पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला फारसा पाय लावावा लागत नाही. ते खरंच फार उपयोगी आहे, पण घाटरस्त्याशी त्याचा संबंध नाही.

सड्याच्या मुद्द्यावर मला राग येतो. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. फुलांच्या हंगामात गाड्या पार्किंगला लावून लोक चालत जातात, तेही नेमलेल्या वाटेनं. का, ते वाकून पाहिलं तर कळतं. जांभ्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो. त्यातच गेंद, सीतेची आसवं उगवतात आणि पाणथळ जागी वायतुरा. टोपली कारवी तर साधारण 7 वर्षांतून एकदा बहरते. चार-साडेचारशे किलो भार घेऊन फिरणाऱ्या टायरचा पट्टा एकदा उठला की माती कातळावरून सुटते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. अशा व्हिडिओंना टाळ्या वाजवणारे माझ्याच ओळखीचे आहेत, त्यांनाही हे सांगतोय.

बुलबार, मोठे टायर: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीनं दिलेल्या रचनेत बदल करायला बंदी आहे, आणि बुलबारविरुद्ध केंद्रानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्रही पाठवलं. पुढं लोखंड ठोकलं की एअरबॅगच्या सेन्सरलाही धडक नीट कळत नाही. एवढं पुरे.

खर्चाचं तर बोलायलाच नको. टायर, डिझेल, दुसरा डिफ, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, सगळ्याचं ऑइल. जुनी गाडी विकताना भाव चांगला येतो, एवढं मात्र मान्य करावं लागेल. आणि घेताना आरसी बघा: 2023 पासून थार मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. चार चाकांची ताकद समजून ती चिखलात घालणारे लोक मी पाहिलेत.

मग मी जीप का ठेवतो? आमच्या वरच्या वस्तीला अजून मातीचाच रस्ता आहे. एका श्रावणात तिथून बाळंतीण खाली आणली. टायरची हवा कमी केली, फोर-एल टाकलं आणि क्लचवरचा पाय काढून घेतला. गाडी बैलासारखी एकेक पाऊल टाकत उतरली. मागच्या सीटवर तिची सासू तिचा हात धरून बसली होती, तिला एकही धक्का बसला नाही. त्या दिवशीचं समाधान मला दुसऱ्या कुठल्याही गाडीनं दिलेलं नाही.

भाच्याची गाडी पुढच्या महिन्यात येईल. पहिल्या रविवारी त्याला वस्तीच्या रस्त्यावर हवा कमी करायला आणि फोर-एल वापरायला शिकवणार आहे. जाताना फरशी लागते. तिच्यावरून पाणी असेल तर अलीकडं गाडी लावून दोघं बसू आणि आईला फोन करू, की जेवणाला थांबू नकोस, उशीर होईल.