नर्सरीच्या पोरांना स्नोमॅन? सोलापुरात?

डोकं फिरलंय नुसतं. शाळेत 'विंटर थीम' आहे म्हणे, म्हणून नर्सरीच्या पोरांनी घरून स्नोमॅन करून आणायचा. सोलापुरात! इथं थंडी म्हणजे सकाळी आठपर्यंत स्वेटर आणि दुपारी परत फॅन, आणि माझ्या साडेतीन वर्षांच्या पोरीनं बर्फाचा माणूस करायचा, तोही कापूस, ग्लिटर, पॉम-पॉम आणि ते हलणारे प्लास्टिकचे डोळे लावून, आणि हे कळवायचं कधी तर आदल्या रात्री साडेनऊला ग्रुपवर, की खाली लगेच धडाधड 'ओके मॅम', 'शुअर मॅम' आणि जोडलेले हात. एकानं तरी विचारावं की नवी पेठेतली दुकानं या वेळेला शटर ओढून बसलेली असतात, सामान आणायचं कुठून बे? नाही. सगळे गपगुमान.

आणि करतं कोण हे? पोरं तर झोपलेली असतात. बाप थर्माकोल कापतोय, आई फेविकॉल लावतीय, आणि पोरगं चुकून जागं झालंच तर 'ए हात लावू नको, खराब होईल!' अरे मग ज्याचं क्राफ्ट त्यानंच हात लावायचा नाही, तर हा उद्योग कशासाठी चाललाय? दुसऱ्या दिवशी सगळे स्नोमॅन टेबलावर मांडून फोटो काढायचे, 'अवर लिटल आर्टिस्ट्स' लिहून टाकायचे, आणि बेस्ट क्राफ्टचं सर्टिफिकेट त्या पोराला, ज्याचा मामा आर्किटेक्ट आहे. मामालाच द्या की मग, स्टेजवर बोलवून, हार घालून.

तीन वर्षांचं लेकरू साधारण गोल बघून गोल काढतं, तेही वाकडंतिकडं. अधिकची खूण चौथ्या वर्षाच्या आसपास जमते, त्रिकोण तर पाचच्या पुढं. कात्री हातात दिली तर कागदाच्या कडेला कचाकचा चिरा मारतं, रेषेवरून कापणं नंतरची गोष्ट. आणि यांना पाहिजे गाजराचं टोकदार नाक, मफलर आणि 'नीट फिनिशिंग'. वर आमच्या घरात धाकटा दीड वर्षाचा आहे, जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू आधी तोंडात. त्या डोळ्यांच्या पाकिटावरच छापलंय की 3 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, घशात अडकू शकतं. आता हे रात्री सोफ्याखाली लोळून मी शोधत बसू?

शाळेच्या गेटवर फ्लेक्स बघा, 'एनईपी बेस्ड करिक्युलम', म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणं शिकवतात म्हणे. वाचलंय का कुणी ते? 2022 ला 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी जो राष्ट्रीय आराखडा आला त्यात खेळ, हाताळणं, आसपासच्या साध्या वस्तू यावरच सगळा भर आहे, 2023 ला त्यावरून 'जादुई पिटारा' म्हणून खेळण्यांची पेटीसुद्धा काढली सरकारनं. आणि दिल्लीपर्यंत तरी कशाला जायचं, बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 ला डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं तिथनं जवळच कोसबाडला नेलं, तिथं आदिवासी पोरं बिया, पानं, शिंपले, माती यातूनच शिकली. ग्लिटर कुठं होतं तिथं?

आणि आमच्या गावात सामानाचा तोटा आहे का ओ? अख्खं गाव चादर-टॉवेलवर जगलंय. पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांतून रंगीत सुताचे गुंतवळे पोत्यानं निघतात, लाल, हिरवं, जांभळं, पाहिजे ते. शेजारच्या काकू टॉवेल कारखान्यात आहेत, त्यांनी पिशवीभर आणून दिलं. मागच्या वेळेला 'घरटं' करायचं होतं तेव्हा पोरीनं स्वतः ते सूत वाटीत कोंबून कोंबून घरटं केलं, आत तीन शेंगदाणे, अंडी म्हणून. मस्त झालं होतं. तर मॅम म्हणाल्या, 'पप्पा, थोडं प्रेझेंटेबल पाहिजे होतं.' आणि बाकीच्यांनी ऑनलाइन मागवलेली रेडीमेड किट जोडून आणलेली ती 'होममेड' म्हणून चालली!

रविवारी घरी आम्ही मैद्याची कणीक केली. दोन वाटी मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी, रंगाला हळद. झालं, दहा रुपयात. मीठ भरपूर असलं की लवकर खराब पण होत नाही, आणि पोरांनी चाटलं तर एकदाच चाटतात, तोंड वाकडं करून परत नाव घेत नाहीत. पोरगी तासभर हलली नाही जागची. भेंडीचं देठ दाबून फुलं उठवली, मग दोन्ही हातांनी कणीक लांब लांब वळत बसली, मी म्हटलं साप का? तर म्हणे, 'नाही ओ पप्पा, काठी आहे, सिद्धेश्वराची.' गेल्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, माझ्या खांद्यावर बसून तिनं नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या बघितल्यात, पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा घातलेली माणसं बघितलीत, ते अजून डोक्यात आहे तिच्या. सात काठ्या केल्या, दोन मधेच मोडल्या, त्या परत चिकटवल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला सूत गुंडाळलं, बाशिंग म्हणून. मी एक बोट लावलं नाही. आता सांगा, जानेवारीत गड्डा तोंडावर आलाय, त्या पोरीला स्नोमॅन कशाला पाहिजे? बर्फ तिनं फक्त रसवंतीच्या ग्लासात बघितलाय.

आणि ते पोस्टर कलर! 'हँड प्रिंटिंग करा, मुलं एन्जॉय करतील.' मुलं करतात ओ एन्जॉय. भिंत, चादर, फ्रिजचं हँडल सगळं एन्जॉय करतात. धुवायचं कशानं? आमच्याकडं पाणी एक दिवसाआड नाही, कैक दिवसांआड येतं. निदान मेसेज टाकताना नळाचा दिवस तरी विचारा.

तर उद्या स्नोमॅन जाणार नाही, बुटाच्या खोक्यात काठ्या जाणार. बायको म्हणते मॅम काय म्हणतील. म्हणू दे की. जूनमध्ये फी भरताना 'आर्ट अँड क्राफ्ट मटेरियल' म्हणून वेगळे पैसे घेतलेत, पावती आहे माझ्याकडं. ते मटेरियल कुठंय, ते आधी दाखवा म्हणतो.