भाऊबंदकी कायद्याने मिटली नाही

‘इंग्रजी कायद्याने थोरल्याला सगळी जमीन मिळू लागली आणि वेल्श जमीनदार घराण्यांतली भांडणं शमली’ हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सगळ्या मुलांत जमीन वाटण्याची जुनी वेल्श रीत वाईट होती असं त्यात गृहीत धरलंय. दहाव्या शतकातला वेल्श राजा हवेल द्दा याच्या नावाने चालणाऱ्या कायद्यात धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्यापासून क्रमाने उचलायचे. म्हणजे वाटे समान पाडण्यातच धाकट्याचं हित! मुख्य घर मात्र धाकट्याला, सोबत कढई, कुऱ्हाड आणि नांगराचं पातं. बापाने मान्य केलेल्या अनौरस मुलालाही हिस्सा असे. आमच्या आजोबांच्या भावांनी अशाच रीतीने शेत वाटलं होतं, त्यामुळे हे वाचताना फार जवळचं वाटतं. तंटे तेव्हाही होतेच. नातलगांशी मारामाऱ्या नकोत म्हणून ग्विदिर या जमीनदार घराण्याचा मेरेदिद आब येवान उत्तर वेल्समधला आपला एइवियोनिद हा मुलूख सोडून कॉनवी नदीच्या खोऱ्यात गेला.

पण वेल्सला इंग्रजी कायदा लागू करणाऱ्या 1536 आणि 1542-43 च्या कायद्यांनंतर काय झालं? धाकटी भावंडं बापाच्या मृत्युपत्रावर अवलंबून राहिली. आणि 1696 चा कायदा लेखात नाहीच! त्याआधी वेल्समध्ये जंगम मालमत्तेत बायको-मुलांचा ठरलेला वाटा रिवाजाने राखलेला असे, मृत्युपत्राने तो डावलता येत नसे. तो आधार काढून घेतला गेला. विधवा आणि धाकट्या मुलांच्या बाजूने पाहिलं, तर याला भांडण मिटणं कसं म्हणायचं? ॲबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयाने 1858 पूर्वीची 1,90,000 हून अधिक मृत्युपत्रं ऑनलाइन ठेवली आहेत. लेखकाने त्यातली काही जरूर वाचावीत.